काहिलीतली ब्रह्मांडं

"आपलं ब्रह्मांड एकलंच थोडं शे." हे त्याचं ठरलेलं बोलणं. समोर काहिलीत उसाचा रस खदखदायचा, हातात मळी काढायचा झारा, आणि नजर बुडबुड्यांवर. मोठा बुडबुडा फुटला की म्हणायचा, "गयं एक ब्रह्मांड."

कळसाडीच्या गुऱ्हाळावर तो गुळव्या होता. आम्ही त्याला नाना म्हणायचो. मी खाली चुलवाणात चिपाडं घालायचो. तुम्ही गुऱ्हाळ पाहिलं असेल तर ठाऊक असेल, गुळव्याने 'उतारा' म्हटल्याशिवाय मालकसुद्धा काहिलीला हात लावत नाही.

कुठल्याशा कीर्तनात त्याने ऐकलं होतं, देवाच्या पोटात अनंत ब्रह्मांडं आहेत. बाकीचे ऐकून घरी गेले, हा धरून बसला. दर ब्रह्मांडात एक तापी, एक कळसाडी, एक गुऱ्हाळ. मालक चिडवायचा, "नाना, तठला गूळ कसा शे?"

"गूळ असाच शे. तठला मालक चांगला शे."

एका साली पोळ्याआधी माझी बायको तापाने गेली. मला पुराण कळत नाही. पण एका दुपारी, पाक होत आला असताना, मी विचारलं, "नाना, मंग एखादी जागे ती जित्ती व्हई?"

त्याचा झारा थांबला. "व्हई ना. पण तठे तिना नवरा बी शे. तूच, पण हाऊ आठला तू नही."

"मंग मन्हा काय फायदा?"

तो काहिलीकडे पाठ करून माझ्याकडे वळला. "फायदा तिना शे. तठे तिले ताप उना नही. भाकरी करी ऱ्हायनी."

मला त्या तिथल्या माझ्याचा राग आला. तेवढ्यात करपल्याचा वास सुटला. 'उतारा' म्हणायचं नाना विसरला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मालक धावत आला. "तुन्हं ब्रह्मांड ऱ्हाऊ दे, मन्हा गूळ गया."

"ध्यान चुकनं मन्हं," नाना म्हणाला. माझं नाव घेतलं नाही. तो काळा गूळ बैलांना घातला.

पुढच्या हंगामात तो आला नाही. खापर गावाकडे वारला, असा निरोप आला. लोक म्हणाले, गेला नाना दुसऱ्या ब्रह्मांडात. मी म्हणालो, उगाच बोलू नका. तिथे तिथला नाना आहे. आपला मेला.

तिथल्या माझ्याचा राग मात्र आता येत नाही. तो जेवत असेल, जेवू दे. इथलं काही त्याला कळू नये.