नळ आल्याचं सांगणारा आवाज

गेल्या दिवाळीनंतरच्या सोमवारी अकोल्यातल्या एका खासगी एफएम केंद्राचं थेट प्रसारण बंद झालं. सकाळचा कार्यक्रम करणाऱ्या निवेदिकेला आदल्या शनिवारी फोनवर तसं कळवण्यात आलं. सोमवारी ती घरी होती. तिचा आवाज रेडिओवर नेहमीसारखा ऐकू आला.

केंद्र एका कापड दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होतं. वर्तमानपत्राच्या डेस्कवरची नोकरी सोडून मी तिथे मजकूर लिहायला गेलो, तेव्हा आम्ही सात जण होतो. खासगी केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, रहदारी, वीज, पाणी एवढं सांगता येतं. अकोल्यात नळ रोज येत नाहीत. पाळीने येतात, आणि पाळी मागेपुढे होते. गाणी लोक मोबाइलवर ऐकत. रेडिओ लावत तो आज कोणत्या भागात नळ आले हे कळायला. पाण्याच्या टाक्या विकणारे दुकानदार नेमकी या सूचनेच्या आधीची जागा जाहिरातीसाठी मागत.

पाणी सुटलं की त्या भागातलं कोणीतरी केंद्रात फोन करी. त्याच भागातून दुसरा फोन आल्याशिवाय निवेदिका बोलत नसे. हा नियम तिचाच होता. मग म्हणे, "डाबकी रोडवाल्या मावश्यांनो, उठा, नळ आले!"

बहिणीच्या लग्नासाठी ती सुट्टीवर जाणार होती, तेव्हा प्रत्येक भागाचं असं एकेक वाक्य तिच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवायचं ठरलं. फोन घेणाऱ्याने योग्य ते वाक्य लावायचं. सोय चांगली होती. कोणी हरकत घेतली नाही, तिनेही नाही.

थेट प्रसारण बंद झाल्यावर सगळं कंपनीच्या नागपूरच्या कार्यालयातून वाजू लागलं. तिथल्या संगणकात नळांचं एक जुनं वेळापत्रक होतं. त्यानुसार तिची वाक्यं लागत. फोन घ्यायला आता कोणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो, तेव्हा शेजारची बाई पाण्याची रिकामी गुंडी घेऊन दारात उभी होती.

"काहून वं पोरी, रेडिओत नळ आले म्हणून रायली, अन् इथं टोटी नुसती फुसफुस करून रायली."

"काकू, मी तर तुमच्यासमोर उभी आहो."

"मंग तिथं कोन बोलते? तुई सासू?"

"जुनं भरून ठेवलेलं वाजते."

"घ्या! पानी भरून ठेवत जाय म्हणा त्याइले, आवाज काय भरून ठेवते!" गल्लीतल्या दोघीतिघी हसल्या. ती हसली नाही. नोकरी गेल्याचं तिने अजून गल्लीत सांगितलं नव्हतं.

अमरावतीच्या एका केंद्राला सकाळच्या कार्यक्रमासाठी आवाज हवा होता. एसटीने जाऊन तिने चाचणी दिली. निवड झाली. तिथल्या प्रमुखांनी एकच अट घातली.

"मॅडम, अकोल्याचे जाहिरातदार तेच आमचे जाहिरातदार. दोन ठिकाणी एकच आवाज ते चालू देणार नाहीत. महिनाअखेरपर्यंत तिकडचा बंद करून घ्या, एक तारखेपासून इथे या."

तिने नागपूरला फोन केला. ध्वनिमुद्रणं केंद्राच्या मालकीची आहेत, असं उत्तर मिळालं. ती वाक्यं चुकीची लागतात, लोक फसतात, हेही तिने सांगितलं. तक्रार नोंदवली जाईल, असं सांगण्यात आलं. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा पहिली तक्रार कोणाला माहीत नव्हती.

मग आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर गेलो. स्टुडिओतल्या खुर्च्या नेलेल्या होत्या. यंत्रं सांभाळायला एक तंत्रज्ञ ठेवला होता. तो तिला ओळखत होता, त्याने स्टूल पुढे केलं.

"दादा, माई तेवढी वाक्यं काढून टाका. बाकी काही नको."

"ताई, माया हातात काय आहे? आवाज तिकून येते, मी हवेत सोडतो. बंद केलं तं सगळंच बंद होईन, अन् मंग मीबी तुमच्यासारखा घरी."

"मंग नागपूरले तुमी सांगा."

"मायं कोन आयकते? पगार झाला नाही म्हणून फोन केला तं गाणं लावून ठेवलं मले."

तो उठून चहा सांगायला निघाला. तिने नको म्हटलं. आम्ही जिना उतरलो. खाली कापड दुकानात रेडिओ चालू होता, आणि दुकानदार तिला म्हणाला, "आज आवाज मस्त लागून रायला तुमचा."

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिने अमरावतीला आणखी थोडी मुदत मागितली. विचार करून सांगतो, असं उत्तर आलं. नंतर त्यांचा फोन आला नाही. तिने केलेले उचलले गेले नाहीत. महिनाअखेरच्या सकाळी अकोल्याच्या केंद्रावर तिची चार वाक्यं लागली.

अमरावतीच्या केंद्रावर एक तारखेपासून सकाळचा कार्यक्रम परतवाड्याची एक मुलगी करते.