नेसरीतला काळापांढरा फलक

पुण्याहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा मांडीवर लॅपटॉप होता आणि डोक्यात हवा. गावोगावच्या छोट्या कलामंडळांची प्रसिद्धी करणं हे माझं काम. नेसरीच्या सोंगी भजनी मंडळाने (सोंगं घेऊन भजन करणाऱ्यांनी) कळवलं होतं की दोन वर्षं समोर माणूसच बसत नाही. यंदाही तेच झालं तर मंडळ बंद.

कोल्हापुरात उतरून मिसळ मागवली. "तिखट कमी," म्हणाले, तर वाढणारा म्हणाला, "मग दूध प्या की!" नाक-डोळे पुसत पुसत मी आणखी दोन ब्रेड संपवले. पुढे गडहिंग्लजपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि समोर उसाच्याच ट्रॉल्या. आमची गाडी त्यांच्या मागे वरातीसारखी चालली.

नेसरीत भेटले मंडळाचे प्रमुख दत्तूबा, सत्तरी ओलांडलेले, पण मिशी सफाचट. चाळीस वर्षं ते गवळणीचं सोंग घेतात. "या, पावणं. आदी च्या घ्या," म्हणाले. चहा संपल्यावर आवाज उतरला. "औंदा मोकळ्या सतरंजीम्होरं नाचायचं न्हाय. लई लागतंय जिवाला." माणसं आणायचीच, असं मी मनात ठरवलं.

खिडकीजवळ बसवून त्यांचा सुंदर फोटो काढला. शहरात हल्ली साधेपणाची चलती! मी काळापांढरा फलक केला: भला मोठा चेहरा, खाली नाव, 'शनिवारी संध्याकाळी, मारुतीच्या देवळासमोर'. सोंगी भजनाचा उल्लेख कोपऱ्यात, बारीक अक्षरात. गडहिंग्लजचा छपाईवाला फोटोकडे बघत हळहळला, "लई चांगला मानूस." मी म्हटलं, "हो ना!" आणि खुशीत फलक घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलक स्टँडवर लागला. तासाभरात शेजारच्या गावची एक म्हातारी हंबरडा फोडत अंगणात शिरली. दत्तूबा दाढी करत होते. तोंडाला फेस तसाच ठेवून त्यांनी आपल्या त्या थोरल्या बहिणीला विचारलं, "काय झालं गं, आक्का?"

म्हातारी जागीच थिजली. मग पुढे होऊन तिने त्यांच्या पाठीत दणका घातला. "मुडद्या, जित्ता हाईस व्हय! मग त्यो बोर्ड कसला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या भागात वाढदिवसाचा फलक रंगीत, फुलाफुलांचा. काळापांढरा चेहरा लागतो तो माणूस गेल्यावरच. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. फलक काढायला धावले, पण दत्तूबांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे की. येऊ देत."

आणि माणसं आली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सोयऱ्यांनी भाकरी-पिठलं बांधून आणलं होतं. दत्तूबा दारातच हात जोडत, "या, बसा. शनवारी भजनाला मातुर यायचं." रडत आलेली माणसं आधी शिव्या घालत, मग पोट धरून हसत, मग आणलेली भाकरी सगळे मिळून खात. मी तर तीन घरचं पिठलं चाखलं!

शनिवारी देवळासमोर सतरंज्या कमी पडल्या. माणसं पायऱ्यांवर, ट्रॅक्टरवर, जागा मिळेल तिथे बसली. हिरवी नऊवारी नेसून दत्तूबा गवळण होऊन आले तेव्हा एकच गिल्ला झाला. पुढे बसलेली आक्का ओरडली, "जित्ता हाईस न्हवं, मग नाच आता!" ते असे नाचले, की टाळकऱ्यांचीच दमछाक झाली. माझे डोळे भरून आले. या वेळी तिखटाने नव्हे.

कार्यक्रमानंतर मी माफी मागितली. काजळ पुसत दत्तूबा म्हणाले, "कशाची माफी, ताई? आपल्यामागं कोन कोन रडनार, ते कुनाला बगायला मिळतंय? एवढी मानसं हाईत म्हंजे मंडळ बंद न्हाय."

परतीच्या गाडीत अहवाल लिहायला घेतला. भजन बघायला ज्यांना दोन वर्षं सवड झाली नाही, ती माणसं दत्तूबा गेले असं वाटताच हातातली कामं टाकून धावली होती. त्यांच्यावर हसावं, तर मी तरी कुठली वेगळी? स्वारगेटला उतरले आणि अहवाल तसाच ठेवून माझ्या गाण्याच्या बाईंना फोन लावला. "बाई, यंदाचा तुमचा कार्यक्रम कधी आहे?"

त्या हळूच म्हणाल्या, "अगं, तू खरंच येणार आहेस?"