घरून टाकून आणलेले आकडे

भावनाताई अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत फोनवर बसायची. साहेब समोर असले तरी नाहीत म्हणायचं आणि पलीकडचा कितीही खवळला तरी गोड बोलायचं, याचा तिला पगार मिळायचा. स्वभावाने मात्र पक्की हट्टी. एकदा मनात घेतलं की घेतलं. तिचा धाकटा भाऊ राजरत्न माझा मित्र. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तिचा हट्ट मला घरबसल्या ऐकू यायचा.

दोन हजार पाचच्या सुमारास आम्हाला एका खेळाचं वेड लागलं. कॅम्प दोनमध्ये हरेशच्या वडिलांचं बटणं आणि चेनचं दुकान होतं. हरेशच्या मावसभावाने सिंगापूरहून एक जाडजूड पुस्तक आणलं, आम्ही त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि दर रविवारी दुकानामागच्या गोदामात योद्धे नि मांत्रिक व्हायला लागलो. पट नाही, सोंगट्या नाहीत. हरेश गोष्ट सांगणार, मध्येच राक्षस उभा करणार. आपण काय करतो ते आपण सांगायचं, जमलं की फसलं ते फासा ठरवणार. त्याआधी आपलं पात्र घडवायचं. ताकद, चपळाई, अक्कल, बोलण्यातला गोडवा, अशा प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज येईल तेवढा तो गुण कागदावर लिहायचा. ज्याची ताकद जास्त तो लढाईत पुढे, बाकीचे मागे.

यात आमचा एक रिवाज पडला होता. पात्र घरून करून आणायचं. फासे घरीच टाकायचे आणि हरेशने विश्वास ठेवायचा. त्यामुळे आमच्यात अशक्त माणूस जन्मालाच येत नव्हता. राजरत्नच्या योद्ध्याची ताकद अठरा, म्हणजे त्यापुढे आकडाच नाही. माझ्या मांत्रिकाचे फासे मी आळसापोटी गोदामातच टाकले होते. तो बिचारा जिना चढतानाही धापा टाकायचा.

एका रविवारी भावनाताई आली. "मला लढायचंय. पुढे राहून," तिने बसतानाच सांगितलं आणि सगळ्यांसमोर ताकदीचे फासे टाकले. दोन, एक, तीन. सहा.

राजरत्न हसला. "ताई, तू वैदू हो. मागे राहायचं, आमच्या जखमा बांधायच्या."

हरेशला वाईट वाटलं. "दीदी, फिर से डालो ना. तुमच्यासाठी चालेल."

"माझ्यासाठी म्हणजे?"

हसण्यापेक्षा ही दयाच तिला जास्त झोंबली होती, आणि खरं सांगतो, मला ती तेव्हा फार आवडली.

"सहा आले याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण ते तुमच्या डोळ्यांदेखत आले. रत्नाचे अठरा आमच्या स्वयंपाकघरात आलेत. कितव्या खेपेला, ते आईला विचारा."

राजरत्नचा चेहरा पडला. "ताई, घरचं इथे कशाला?"

"तेच म्हणते मी. घरचं इथे कशाला?"

मग तिने झेरॉक्सची मागची पानं उघडली. त्यात दुसरी पद्धत होती, आम्ही कुणी वाचायची तसदी घेतली नव्हती. सगळ्यांना सारखे गुण द्यायचे, ज्याने त्याने हवे तिथे घालायचे. एकीकडे वाढवलं की दुसरीकडे कमी करायचं. "असं करा. नाहीतर सगळी पात्रं फाडा आणि इथे टाका."

"मग मजा काय?" राजरत्न म्हणाला. "सगळे रेशनच्या लायनीतले वाटतील."

"और नसीब भी तो कुछ होता है, दीदी," हरेशने जोड दिली.

ताईने सगळे फासे मुठीत आवळले. फाशांशिवाय खेळ होईना आणि मूठ उघडेना. राजरत्न चिडला, मग विनवायला लागला, शेवटी त्याने आपल्या योद्ध्याचा कागद चौघडी करून खिशात घातला. हरेशने सगळ्यांना सारखे गुण दिले.

ताईने ताकदीत भरभरून घातले आणि गोडव्याला अगदी नावापुरते ठेवले. हरेश म्हणाला, "इतना कम? कोणी बोलणार नाही तुमच्याशी."

"नको बोलू दे. सोमवार ते शनिवार गोड बोलायचंच काम करते."

खेळ सुरू झाला. नदीवर पूल, पुलावर राक्षस. "पुढे मी," ती म्हणाली. या वेळी कुणाची हरकत नव्हती, कारण आकडा समोर होता. तिने तलवार उगारली, फासा टाकला. एक पडला. त्याहून वाईट पडूच शकत नाही, ताकद कितीही असो. राक्षसाचा घाव बसणार आणि ती मरणार, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

"रहने दो दीदी, हा गिनतीत नाही," हरेश घाईने म्हणाला. राजरत्ननेही फासा उचलून तिच्यापुढे धरला. "टाक ना ताई परत." या वेळी तो मनापासून बोलत होता.

तिने त्याच्या हातातून फासा घेतला आणि एकाची बाजू वर करून मधोमध ठेवला.

"हा सगळ्यांसमोर पडलाय. मोज."

हरेशने नाइलाजाने गोष्टीत तिला मारून पुलावरून खाली पाडलं. तिने नव्या पात्रासाठी कोरा कागद ओढला आणि ताकदीपुढे पुन्हा तोच मोठा आकडा लिहिला.