नावं पडताना दिसलेला हात

पिक्चरची नावं पडायला लागली की जो माणूस उठून पाणी प्यायला जातो, त्याच्यावर माझा पहिल्यापासून राग आहे. आणि माझं नशीब बघा, लग्न होऊन आले ती नेमकी तसल्याच घरात. आमचे हे आळेफाट्याला गॅरेज चालवतात. घरी येतात ते हाताला ग्रीस घेऊन, आणि टीव्हीवर नावं सुरू झाली रे झाली की रिमोटचं बटण दाबून सरळ गोष्टीत उडी मारतात. मी ओरडले की म्हणणार, "नावं काय बघायची? मतदारयादी वाचायचीय का?"

आता ह्यांना काय सांगायचं! माझं माहेर शिनोलीचं. लहानपणी जत्रेत तंबूतला पिक्चर यायचा आणि आमच्या वडलांची धार काढून होईस्तोवर नावं हमखास हुकायची. आम्ही वाकून आत शिरायचो तेव्हा हिरोचं अर्धं गाणं उरकलेलं असायचं. ती भूक राहिली ती राहिलीच.

त्यातून खुनाच्या, रहस्याच्या पिक्चरची नावं म्हणजे तर माझा जीव. तेवढ्या वेळात कोणी कुणाला काही सांगत नाही. नुसता नळ ठिबकत असतो. कोणीतरी कांदाच चिरत असतं, पण तोंड दाखवत नाहीत, फक्त बोटं. अंधारातून अक्षरं येतात, जराशी थरथरतात आणि पुसली जातात. खालून संगीत असं, की कानाला कमी आणि छातीला जास्त लागतं. अजून खून झालेला नसतो, कोण मरणार ते माहीत नसतं, तरी मी पदराचं टोक मुठीत आवळून बसलेली. सगळं खोटं आहे हे कळत असूनही भ्यायला होतं. ती करामत मला लई आवडायची.

आवडायची म्हणते, कारण पुढं आमच्याच घरातलं माणूस त्या नावांत निघालं.

माझी सासू. मी तिला आत्या म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा. आम्ही पिंपळवंडीचे. घराणं मूळचं मेंढरं राखणारं. आता कांदा आणि ऊस करतो, पण मामांनी हौसेनं थोडी मेंढरं ठेवलीत. दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं धुऊन त्यांना लाल रंग लावायचा. दोन कळप मिसळले तरी आपली आपल्याला ओळखू यावीत म्हणून ज्याची त्याची खूण वेगळी. आमच्या घरची खूण म्हणजे आत्याचा पंजा. ती रंगात हात बुडवायची आणि एकेकाच्या पाठीवर थाप मारायची. तिच्या उजव्या हाताचं एक बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात अर्धं गेलेलं होतं, त्यामुळे तसला पंजा दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं. "ही माजी सही," म्हणायची. "कुनी खोटी करून दाखवावी."

एका पाडव्याला डोंगराकडं शूटिंगला आलेली मंडळी रस्त्यानं चालली होती. लाल मेंढरं बघून त्यांनी गाडी थांबवली. "आजी, तुमचं चालू द्या, आम्ही नुसतं घेतो," म्हणाले. एकानं कॅमेरा पार आत्याच्या हाताला चिकटवला. दुसऱ्याच्या हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला केसाळ माइक. आत्यानं तो माइक चक्क कुरवाळला आणि विचारलं, "ह्ये कुनाचं कोकरू बांधलंय रं काठीला?" सगळी हसून हसून बेजार झाली. मामा मात्र कॅमेऱ्याला लाजले आणि वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळ्याच्या, पार पलीकडं जाऊन बसले. आत्यानं चहाला हाका मारल्या, सगळ्यांचा पिऊन झाला, पावणे निघून गेले, तरी मामा काही आले नाहीत. आत्या दिवसभर त्यांना चिडवत होती, नव्या नवरीनंसुद्धा इतकं लाजू नये म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गेली. सकाळी भाकरी थापत होती, दुपारी नव्हती. आजार नाही, काही नाही. माझा अजून विश्वास बसत नाही.

तिचा म्हणावा असा फोटोही घरात नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करून भिंतीला लावला. त्यात ती कुणीतरी दमदाटी करून बसवल्यासारखी बघते. मामा त्याच्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "ह्यो फोटू हालत न्हाई गं. ती एवढी गप कवा व्हती?" मग कधीतरी त्यांना त्या शूटिंगची आठवण झाली आणि त्यांनी ध्यासच घेतला. बायकोला एकदा हलताना बघायचं, बस्स. गॅरेजातून हे आले की पहिला प्रश्न, "आला का रं पिक्चर?"

आणि एक दिवस खरंच आला. ह्यांनी मोबाइल टीव्हीला जोडला. मामांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, डोक्याला पटका बांधला आणि टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले. मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन बाहेर येते तो पिक्चर सुरू झालेला. मामांचा कप त्यांच्याजवळ स्टुलावर ठेवला, पण त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

रहस्यकथाच होती. गावात बायकांचे खून होतात वगैरे. एखादी लुगड्यातली म्हातारी दिसली की मामा पुढं सरकायचे, आणि ती दुसरीच निघाली की मागं टेकायचे. असं करता करता खुनी सापडला, पिक्चर संपला. आत्या कुठंच नव्हती.

"कापलं तिला," हे म्हणाले.

मामा हळूहळू पटका सोडायला लागले. ते बघताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"नावं!" मी ओरडले. "नावं उडवली ना तुम्ही सवयीनं? मी आत होते तेवढ्यात?"

ह्यांचं तोंडच पडलं. मी मोबाइल हिसकावून पिक्चर पहिल्यापासून लावला.

काळोख. त्यात एक कोकरू ओरडलं, लांबट, चिरका आवाज. मग घमेल्यातलं पाणी, आणि पाण्यात लाल रंग पसरत चाललेला. मग हात. मनगटापर्यंत लालभडक, आणि एका अर्ध्या बोटावरून थेंब ठिबकतोय.

आई गं! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पाडव्याचं ते लख्ख ऊन काढून त्यांनी निळी काळी रात्र केली होती. आत्याचं हसरं तोंड कुठंच नाही. तिचा पंजा लोकरीवर थापकन पडला, पण ती लोकर आहे हे कुणाला कळावं? एखाद्या बाईचे केसच वाटत होते. थाप, की एक नाव. परत थाप, की दुसरं नाव. खालून कुणीतरी विहिरीत कण्हत असल्यासारखा जाड, लांबलचक आवाज. मी आत्याला भ्याले हो! माझ्या बाळंतपणात ज्या हातानं मला न्हाऊ घातलं, त्या हाताला भ्याले! ज्या करामतीवर मी जन्मभर जीव टाकला, तिनं माझ्याच डोळ्यांदेखत आमच्या आत्याला खुनी करून टाकलं. शेवटी तिच्या पंजावर पिक्चरचं नाव रक्तासारखं उमटलं.

"आग लागो मेल्यांच्या कलेला!" मी टीव्ही बंद करायला रिमोट उचलला. पण मामांनी हात वर केला.

"थांब. परत लाव. त्यो आवाज..."

"संगीत आहे मामा ते."

"न्हाई. ही हाय."

मी ह्यांच्याकडं बघितलं. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस, डोळे मिटून ऐकत होता. "आवाज ओढून लांबवलाय," म्हणाले, आणि मोबाइलमध्ये चित्र पळवायची सोय असते ती लावली. थेंब भराभर पडायला लागले. कोकरू साधं कोकरासारखं ओरडलं. ते कण्हणं जरा जाडच राहिलं, पण त्यातले शब्द सुटे झाले.

"आवं, या की. च्या निवतुया."

मामा खुर्चीतून उठून उभे राहिले. सुटलेला पटका तसाच खांद्यावरून लोंबत होता.

"आलो," म्हणाले. "आलो गं."

आणि स्टुलावरचा साय धरलेला गार चहा उचलून त्यांनी उभ्यानंच संपवला.