सरकला बँड, बोलणी मला

बेरियमचा पांढरा, खडूच्या पाण्यासारखा घोट मी कसाबसा गिळला आणि एक्स-रे मशीनसमोर ताठ उभी राहिले. काचेपलीकडे रेडिओलॉजिस्ट बाई स्क्रीनकडे बघत होत्या. "अजून एक घोट घ्या," त्या म्हणाल्या. मी घेतला. तो छातीच्या खाली येऊन थांबला आणि थोड्याच वेळात वर आला. मी रुमाल तोंडाला लावला.

बाई स्वतः उठून बाहेर आल्या. "मॅडम, तुमचा बँड जागेवरून सरकलाय. चांगलाच सरकलाय. उलट्या कधीपासून होतायत?"

"वर्ष होत आलं."

"आणि ही तपासणी आज पहिल्यांदाच करताय?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या मिस्टरांकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी विसरणार नाही. मला त्या क्षणी भीती वाटायला हवी होती. मला राग आला. एका सकाळीत होणारी, पनवेलमध्ये कुठेही मिळणारी तपासणी. वर्षभर ती कुणाला सुचली नाही, कारण सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं. बाई जाड आहे, म्हणजे बाई खाते.

ज्यांच्या पोटात असा बँड आहे, किंवा ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

मी शाळेत भूगोल शिकवते. माहेर पनवेलजवळच्या कोन गावचं, सासर खांदा कॉलनीतलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन वाढत गेलं, मग शुगर आली. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचले की आधी खुर्ची शोधायची आणि मुलं वह्या काढेपर्यंत श्वास जागेवर आणायचा, अशी वेळ आली. डाएट केले, चालायला गेले, काढे प्यायले. उतरलेलं वजन दरवेळी परत आलं. मग मुंबईतल्या एका क्लिनिकमध्ये मी गॅस्ट्रिक बँड बसवून घेतला. निर्णय माझा होता आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

गॅस्ट्रिक बँड म्हणजे जठराच्या वरच्या भागाभोवती बसवलेलं सिलिकॉनचं कडं. त्यामुळे वरती एक छोटी पिशवी तयार होते, तिला पाऊच म्हणतात. ती लवकर भरते, म्हणून भूक लवकर भागते. कड्याच्या आतून एक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या बटणापर्यंत येते. हे बटण म्हणजे पोर्ट. त्यात सुईने सलाइन भरलं की कडं आवळतं, काढलं की सैल होतं. डॉक्टर समजावताना म्हणाले होते, "छोटीशी गोष्ट आहे. नको वाटलं तर कधीही काढता येते." बँड आयुष्यभर तपासत राहावा लागतो आणि जागेवरून सरकू शकतो, हे मला समजेल अशा भाषेत कुणी सांगितलं नाही. इंग्रजी छापील पानांवर असेलही कुठेतरी.

पहिली काही वर्षं चांगली गेली. शुगरच्या गोळ्या बंद झाल्या. मी जिने चढायला लागले. बँडसोबत जगायचे नियमही अंगवळणी पडले. बोराएवढा घास, तो पार लगदा होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. सकाळी कडं जास्त घट्ट वाटतं, म्हणून नाश्त्याला फक्त पेज. तांदळाची भाकरी तर जवळपास सुटलीच, कारण ती घशाखाली जाऊन चिकटते. घास अडकला की छातीत कळ येते आणि तोंडात फेस जमतो, तो थुंकत बसावं लागतं. भाचा मांडीवर बसला की पोर्ट टोचायचा. हे सगळं मी आनंदाने केलं. लोक विचारायचे, "काय केलंत?" मी लपवलं नाही. ऑपरेशन केलं, असंच सांगायचे.

मग हळूहळू बिघडायला लागलं. आधी भात अडकायला लागला, मग वरण, मग दही. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं आणि खोकला उठायचा. वर्गात नद्यांची खोरी शिकवता शिकवता मी फळ्याकडे तोंड करून रुमालात फेस पुसायचे. आणि विचित्र गोष्ट म्हणजे वजन उतरलं नाही, उलट थोडं वाढलं. घट्ट काही जायचं नाही, जायचं ते फक्त गोड चहा, मिल्कशेक, आइस्क्रीम. पातळ आणि गोड तेवढंच घशाखाली उतरत असेल, तर माणूस तेच घेणार. पण हे वाढलेलं वजनच माझ्याविरुद्ध पुरावा ठरलं.

मी क्लिनिकमध्ये गेले. आहारतज्ज्ञ मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही भराभर खाताय का?" दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती म्हणाली, "बँडला फसवू नका." तिसऱ्यांदा मिस्टरांना घेऊन गेले. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता त्यांना सांगितलं, "घरी जरा लक्ष ठेवा. पेशंट लपून खातात, आम्हाला रोजचा अनुभव आहे." मी समोर बसले होते. शेकडो मुलांसमोर उभं राहून बोलणारी बाई मी, पण तिथून पर्स उचलून मिस्टरांच्या मागे बाहेर आले.

त्यानंतर घर बदललं. विलास, माझे मिस्टर, वाईट माणूस नाहीत. पण डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्या डोक्यात बसलं. ते फ्रिज उघडून बघायचे. मी न्हाणीघरात ओकत असले तर दाराबाहेर उभे राहून विचारायचे, "काय खाल्लंस?" काय झालं, असं नाही. काय खाल्लंस.

भाचीच्या हळदीला मी माहेरी कोनला गेले. आमच्याकडे हळद म्हणजे सगळं गाव येतं. मी वाटीभर रस्सा घेतला, त्यातलं फक्त वरचं पाणी प्यायले. तेही मांडवामागे जाऊन ओकले. परत येते तर चुलत वहिनी दुसरीला सांगत होती, "एवढं ऑपरेशन करून पण तोंडावर ताबा नाय." मी ऐकलंय हे तिला कळलं, तरी तिने नजर वळवली नाही. मी रिक्षा करून एकटीच घरी आले. कपाळावरची हळद पुसायचीही ताकद नव्हती.

दोन दिवसांनी संध्याकाळी विलास स्वयंपाकघरात फरसाणाचा डबा हातात घेऊन उभे होते. "हा अर्धा कसा झाला?"

"मानसीने खाल्ला असेल," मी म्हटलं. मानसी आमची कॉलेजातली मुलगी.

"दरवेळी मानसीच कशी?"

मी खाली बसले. रागाने नाही, चक्कर आली म्हणून. तोपर्यंत पाणीही पोटात राहत नव्हतं. तेव्हा माझ्या सासूबाई बाहेरच्या खोलीतून आल्या. आमच्या सासूबाई कमी बोलतात. त्यांनी विलासच्या हातातला डबा घेतला आणि फळीवर ठेवला.

"मी दिवसभर घरान हाय," त्या म्हणाल्या. "ही काय खात नाय. पानी पन पोटान ठरत नाय हिच्या. तुला डबा दिसतंय, बायको दिसत नाय?"

"आई, डॉक्टर म्हणाले म्हणून…"

"डाक्टर काय आपले घरान राहतंय का? उठव तिला. चल दवाखान्यान."

त्या दिवशी आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी मला सलाइन लावलं आणि दुसऱ्या सकाळी बेरियम स्वॉलोला पाठवलं. बेरियम स्वॉलो म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध पाजून ते अन्ननलिकेतून जठरात कसं उतरतं ते बघायचं. माझं उतरतच नव्हतं. खालचं जठर कड्यातून वर सरकून आलं होतं, वरची पिशवी फुगून लोंबत होती आणि वाट बंद झाली होती. याला स्लिपेज म्हणतात.

तिथून थेट पनवेलच्याच एका सर्जनकडे गेलो. त्यांनी फोटो बघितले आणि मला झोपवून पोर्टमध्ये सुई घातली. बँडमधलं सगळं सलाइन काढून घेतलं. मग थोडा वेळ थांबून नर्सकडून पाण्याचा पेला मागवला. "हळूहळू प्या."

मी घोट घेतला. तो गेला. दुसरा घेतला, तोही गेला. घशातून, छातीतून, खाली. इतकं साधं पाणी. विलास खोलीच्या कोपऱ्यात उभे होते. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

सर्जन म्हणाले, "हे तुमच्या खाण्यामुळे झालेलं आहे असं धरून चालू नका. बँड सरकतो. सगळ्यांचा नाही, पण सरकू शकतो, हे आम्हाला माहीत असतं. उलट्या चालू राहिल्या तर पहिला संशय त्याचाच घ्यायचा असतो."

"मग माझ्यावर का घेतला?" मी विचारलं.

खरं तर याचं उत्तर त्यांनी द्यायचं नव्हतं.

मला दाखल करून घेतलं, कारण रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलं होतं. पोटॅशियम म्हणजे हृदयाचे ठोके नीट ठेवणारा क्षार. आणखी उशीर केला असता तर काय झालं असतं, हे मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही. मग एंडोस्कोपी झाली. तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून कडं जठरात रुतलं नाही ना, ते बघितलं. रुतलं नव्हतं. तब्येत सावरल्यावर दुर्बिणीतून ऑपरेशन करून बँड, नळी आणि पोर्ट काढून टाकले.

वॉर्डात सासूबाई माझ्याजवळ बसून असायच्या. विलास डबा आणायचे आणि ठेवून जायचे. घरी यायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "माझं चुकलं. परक्याचं ऐकलं, तुझं नाही." मी लगेच "जाऊ दे" म्हटलं नाही. जाऊ देण्यासारखं ते नव्हतं. मी म्हटलं, "मला वेळ लागेल." त्यांनी ते मान्य केलं. आज आमचं बरं चाललंय, पण तो वेळ खरंच लागला आणि तो मी घेतला.

टाके सुकल्यावर मी मुंबईच्या क्लिनिकला फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर आता बँड बसवतच नाहीत, मॅडम. बंद केलं. बँडमध्ये फार त्रास येतात ना. तुम्ही दुसरी सर्जरी करून घ्या, अपॉइंटमेंट देऊ का?"

मी तिला ते परत सांगायला लावलं. मग डॉक्टरांनाच फोन द्या म्हणून अडून बसले. शेवटी ते आले.

"आम्ही फॉलो-अपला यायला सांगितलं होतं, मॅडम."

"मी आले होते, सर. तुम्ही माझ्या जेवणाची चौकशी केलीत. बँडची केली नाहीत."

मी तिथेच थांबले नाही.

"त्रास येतात म्हणून तुम्ही बँड बसवणं बंद केलंत. मग ज्यांच्या पोटात आधीच बसवलेत, त्यांना कुणी कळवलं का? तुमच्याकडे आमचे सगळ्यांचे नंबर आहेत. दिवाळीच्या शुभेच्छा येतात त्यावर."

"बघतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी बघितलं की नाही, मला माहीत नाही. मला तरी तसा काही मेसेज आला नाही. म्हणून मीच सांगते. तुमच्या पोटात बँड असेल आणि घास वारंवार अडकत असेल, झोपल्यावर आंबट पाणी घशाशी येत असेल, खोकला उठत असेल, तर कुणी तुमच्या ताटाकडे बोट दाखवलं तरी तपासणी मागा. पाणीसुद्धा जात नसेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ज्यांनी बँड बसवला ते ऐकत नसतील तर दुसऱ्यांकडे जा. आणि घरच्यांनो, डबे बघू नका, माणूस बघा. बँड वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. पळस्पेला माझी एक मैत्रीण आहे, तिचा बँड आजही नीट आहे, कारण तिचे डॉक्टर दरवर्षी तिला बोलावून तपासतात. एवढंच हवं असतं.

माझं वजन बरंचसं परत आलंय. शुगरची गोळी पुन्हा सुरू आहे. पुढे काय करायचं ते मी त्या पनवेलच्या सर्जनशी बोलून ठरवेन, घाईने नाही. सासूबाई हातावर थापलेली तांदळाची भाकरी ताटात वाढतात, ती मी तोडून खाते आणि ती पोटात जाते. त्या रेडिओलॉजिस्ट बाईंचे, त्या सर्जनचे आणि सासूबाईंचे उपकार मी मानते. पण उपकार मानले म्हणून राग संपत नाही. तो मी आता जवळ ठेवते. उपयोगी पडतो.

मागच्या महिन्यात शाळेच्या पायरीवरून पाय घसरला. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. मी खुर्चीत बसायच्या आतच ते म्हणाले, "वजन कमी करा मॅडम, त्याशिवाय गुडघे राहायचे नाहीत."

पूर्वीची मी खाली मान घालून "हो" म्हणाले असते आणि एक मलम घेऊन घरी आले असते.

"वजनाचं नंतर बोलू, डॉक्टर," मी म्हटलं. "मी पडले आहे. आधी पाय बघा."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "सांगा, नक्की कुठे दुखतंय?"