दत्तारामची उलटसुलट वाक्यं

भोर सुटलं आणि एसटी वरंध घाट उतरू लागली. दरडी नुकत्याच हटवलेल्या. कड्यांवर लाल मातीचे ताजे ओरखडे होते. वरंधला चहा घेताना टपरीवाल्या मावशींना सांगितलं, पोलादपूरला निघालोय.

"वर डोंगरात नका जाऊ," त्या म्हणाल्या. "माती अजून खाली येतेच हाय."

मला दत्तारामला भेटायचं होतं. मुंबईतल्या छापखान्यात आम्ही शेजारी बसून खिळे जुळवायचो. खिळ्यावरचं अक्षर उलटं, त्यामुळे उलटं वाचायची डोळ्यांना सवयच. त्यातून दोन्हीकडून सारखी वाचता येणारी वाक्यं जमवायचा छंद लागला. मराठीतलं 'चिमा काय कामाची', मद्रासी जुळाऱ्याकडून मिळालेलं 'विकटकवि'. नवं सापडलं की जेवणाच्या सुट्टीत हशा.

निवृत्तीनंतर तो पोलादपूरजवळ आपल्या कोंडावर (डोंगरातली छोटी वाडी) परतला. गेल्या पावसाळ्यात तो आणि सुनंदावहिनी डोळे तपासायला महाडला गेले असताना डोंगर खाली आला. मुलगा आणि सून घरात होते.

महाडला गाडी बदलून दुपारी पोहोचलो. आता ते रस्त्याकडेच्या पत्र्याच्या खोलीत राहतात. दत्ताराम दारात बसून तीच आमची दोन्हीकडून वाचता येणारी वाक्यं पुटपुटत होता. वहिनींनी मला बाजूला घेतलं.

"भावजी, माती उपसत होते तवापासून ह्यांचं हेच चाललंय. डोळ्यांत पाणी नाय. लोक म्हणतात, येडा झाला. तुमचं ऐकतील."

मी शेजारी टेकलो. "दत्ता, जरा थांब ना."

"थांबलो की डोंगराचा आवाज येतो रे," तो म्हणाला.

मग मी त्याला थांबवलं नाही. तो अर्धं बोलायचा, मी उरलेलं. वहिनींनी तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) आणली. ती तशीच राहिली.

"जा रे बावा," तो म्हणाला.

"बारेजा," मी म्हणालो.

"ह्याचा अर्थ काय हो?" वहिनींनी विचारलं.

"गुजराती आहे. अरे बावा, म्हणजे गोसाव्या, बारेजा गावाला जा."

"मग गेला का तो?"

दत्ताराम त्यांच्याकडे वळला. "गेला गो," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम चुरगळला. वहिनींनी त्याचं डोकं छातीशी धरलं. "रडा," त्या म्हणाल्या, "रडा आता." त्याही रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी घाट चढताना मनात आलं, इतकी वर्षं आम्ही नुसती अक्षरं तपासली. त्या वाक्यात कुणीतरी घर सोडून निघालाय, हे एकदाही वाचलं नव्हतं.