खळ घातलेले पॅड

आमच्या दत्ताची सोयरीक साबुदाण्यामुळं मोडणार होती. साबुदाणा अर्धी वाटीच होता, पण मोडायला तेवढा पुरला असता.

ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. मी तशी कुणाला काहीच सांगत नाही. चार बायकांत बसले तरी माझं बोलणं म्हणजे 'हं' आणि 'बरं'. पुरुष माणसं घरात आली की मी पडद्याआड. आमचे हे म्हणतात, "हिला घरात बसवली काय अन् भिंतीला टेकून ठिवली काय, सारखंच." (त्यालाही मी 'हं' म्हणते.) पण ही गोष्ट आठवली की अजून कान गरम होतात, म्हणून एकदाची वहीत लिहून टाकते.

दत्ता माझा थोरला. त्यानं सिरसाळ्याच्या रोडला, आमच्या घराला लागूनच, पत्र्याचं शेड मारून गाड्या धुवायचं दुकान काढलं. आधी नुसतं पाणी मारायचा. मग पुण्याला राहून पॉलिशचं काम शिकून आला. येताना एक मशीन आणलं आणि त्याला लावायचे फोमचे पॅड. भाकरीएवढे गोल, दोन बोटं जाड. एक पिवळा, एक नारिंगी, एक काळा. मशीन फिरलं की पॅड फिरतो आणि गाडीत आपलं तोंड दिसायला लागतं. (मी एकदा बघितलं. लगेच पदर ओढून घेतला.)

काम झालं की पॅड धुवायला माझ्याकडं यायचे. दत्तानं मला समोर बसवून शिकवलं होतं.

"आई, नीट ऐक. पाणी कोमट घ्यायचं. कडकडीत न्हाई."

"बरं."

"तळहातानं दाबून दाबून मळ काढायचा. पिळायचं न्हाई. धोपटायचं तर नावच काढू नको."

"बरं."

"अन् सावलीत वाळवायचे, फोमची बाजू खाली करून. उन्हात ठिवलं की मागची चिकटपट्टी सुटती. समजलं का?"

"हं."

समजलं होतं हो! त्यानं सांगितलेल्यातलं मी एक अक्षर चुकले नाही, हे आजही देवासमोर सांगेन. चुकले ते त्यानं न सांगितलेल्यात.

आता मला साऱ्या जगात एकच गोष्ट चांगली येते. कपड्याला खळ देणं. आमचे हे एकदा गावच्या सोसायटीचे चेअरमन झाले होते, तेव्हापासून पांढऱ्या कपड्यांशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. चेअरमनकी गेली, कपडे राहिले. त्यांच्या सदऱ्याला मी साबुदाणा शिजवून, फडक्यानं गाळून अशी खळ देते की हे घरात नसले तरी सदरा खुर्चीवर ताठ बसून राहतो. गल्लीतल्या बायका म्हणतात, "काकू, खळ द्यावी तर तुमीच." एवढं एक कौतुक माझ्या वाट्याला आलेलं. माणूस एका कौतुकानं किती वाया जातो ते पुढं कळेलच.

दत्ताला घाटनांदूरची मुलगी बघितली होती. रेणुका. तिला दत्ता पसंत, दत्ताला ती पसंत. (तो त्या आठवड्यात दिवसातून दोनदा दाढी करत होता.) अडलं होतं तिच्या वडिलांपाशी, अंकुशरावांपाशी. त्यांनी मध्यस्थाला विचारलं होतं, "पोरगं गाड्या धुतंय, ते ठीक हाय. पण ते काम म्हणायचं का? ते तर आमचा गडी बी करतो." म्हणून ते स्वतः घर आणि दुकान बघायला येणार होते. त्यांना काम पटलं तर होकार, नाही तर नाही.

आदल्या दिवशी सकाळी मी ह्यांच्या कपड्यांना खळ दिली. पातेल्यात बरीच उरली. उरलेली खळ फेकायची नाही, असं माझ्या सासूबाईंनी शिकवलेलं. म्हणून टेबलावरच्या कापडाला दिली. मग उशांच्या अभ्र्यांना. मग मधल्या दाराच्या पडद्याला. तरी उरली! आणि समोर फळीवर धुतलेले तीन पॅड. मऊ, लिबलिबीत, बोट लावलं की आत दबणारे. मला कसंतरीच झालं. उद्या एवढी मोठी माणसं येणार आणि पोराच्या धंद्याचं सामान असं मरगळलेलं?

मी तिन्ही पॅड पातेल्यात सोडले. मेल्यांनी अशी खळ पिली, जशी काय आठ दिवसांची उपाशी! मग पिळले नाहीत. सावलीत वाळवले. फोमची बाजू खाली. दुसऱ्या दिवशी बोटानं वाजवून बघितले तर टकटक वाजले. मला इतकं बरं वाटलं!

दुपारी अंकुशराव आले. बरोबर त्यांची बहीण, म्हणजे रेणुकाची आत्या. गाडी नवी कोरी, काळीभोर, वरून रस्त्याची धूळ. ओसरीवर पोहे झाले, चहा झाला. मी पडद्याआड. अंकुशराव हात पुसत म्हणाले, "दत्तोबा, आता दाखवा की तुमचं काम. माझीच गाडी हाय."

दत्ताला पाहिजेच होतं. त्यानं अंगणातच गाडी धुतली, पुसली, मशीन काढलं. पॅड घ्यायला आत आला आणि थबकला.

"आई, हे कडक कावून लागायलेत?"

मला वाटलं, आली पोराच्या ध्यानात माझी कामगिरी. लाजून म्हणाले, "हं."

जन्मात एवढं चुकीचं 'हं' मी म्हणाले नव्हते. बाहेर माणसं खोळंबलेली. मशीन लावलं की सैल पडतील, असं म्हणून तो पॅड घेऊन गेला.

मशीन सुरू झालं. आधी कर्रर्र असा आवाज आला, जात्यात खडा सापडल्यासारखा. मग पांढरा भुसा उडायला लागला. अंकुशरावांच्या मिशीवर, आत्याच्या साडीवर, ह्यांच्या सदऱ्यावर (तिथं तो दिसला तरी नाही). पॉलिशची ओल लागून खळ चिकट झाली आणि पॅडनं गाडीचं दारच धरलं. दत्तानं हिसका दिला. पॅड मशीनवरून सुटला, चाकासारखा उभा धावत अंगण पार करून गेला आणि अंकुशरावांच्या बुटाला टेकून थांबला. नमस्काराला आल्यासारखा!

गाडीच्या मागच्या दारावर ओरखड्यांची गोल गोल वर्तुळं उठली होती.

आत्या म्हणाली, "दादा, ह्याला पॉलिश म्हणत्यात व्हय? आपल्या म्हशीनं आंग घासलं असतं तर यापरीस बरं झालं असतं!"

अंकुशराव ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळूच म्हणाले, "पोराला काम येत न्हाई. चला, उठा."

दत्तानं पॅड उचलला. काठाला वाकवला तर पापडासारखा तुकडा मोडला. त्यानं तो नाकाला लावला. मग पडद्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं! लहानपणापासून शाळेचा सदरा त्याच वासाचा घातलेला त्यानं. मला वाटलं, आता सांगतो सगळ्यांना. सांगू दे.

तो म्हणाला, "माझीच चूक हाय, मामा. पॅड बघून लावायला पायजे होता."

पोरगं माझ्यासाठी स्वतःचं लग्न मोडू देत होतं, आणि मी पडद्याआड उभी! पडदा घट्ट धरला. पण पडदाही माझ्याच खळीचा. तो कागदासारखा असा कडकड वाजला की सगळे वळून बघायला लागले. आता आत पळायचं की बाहेर यायचं? पाय बाहेर पडले. परक्या पुरुषासमोर मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"पॅडला खळ म्या घातली."

अंकुशराव म्हणाले, "काय घातली?"

"खळ. साबुदाण्याची." (कशाची, असं कुणीही विचारलं नव्हतं.) "पोराला काम येतंय. लई चांगलं येतंय."

आमचे हे उभे राहिले. सदरा फडफडला. "अगं, फोमला खळ? कावून पर?"

मी खाली मान घालून म्हणाले, "उरलती."

अंकुशरावांनी ह्यांच्या सदऱ्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, दाराच्या आत टेबलावरून फळीसारखं पुढं आलेलं कापड बघितलं. तेवढ्यात आत्या ओरडली, "आगं बया! तरीच मघाशी उशीला टेकले तर डोकं आपटलं म्या! म्हनलं, ह्या घरात उशीत लाकूड भरत्यात का काय!"

अंकुशरावांच्या मिशीवरचा भुसा हलायला लागला. ते हसत होते. डोळे पुसून झाल्यावर म्हणाले, "आईवर ढकलून मोकळा झाला असता की रे. झाला न्हाईस. दुसरा पॅड हाय का?"

"हाय, मामा. नवा, पिशवीतला." दत्तानं माझ्याकडं बघितलं. "आईचा हात न लागलेला."

त्यानं तासाभरात दारावरची वर्तुळं काढली. गाडीत सगळ्यांची तोंडं दिसायला लागली. (माझं मी बघितलं नाही.) शेवटचं एक वर्तुळ राहिलं होतं तेव्हा अंकुशराव म्हणाले, "हे ऱ्हाऊ दे. ही विहीणबाईंची सही हाय."

ते मला 'विहीणबाई' म्हणाले, तेव्हा कळलं की सोयरीक जमली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण आधी मी न्हाणीत जाऊन दाराला कडी लावली आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आले नाही.

आता पॅड रेणुका धुते. मी खळ करायला बसले की ती आधी पॅड मोजून कपाटात ठेवते आणि किल्ली कमरेला लावते. व्याही आले की दारातूनच आमच्या पाहुण्यांना हाक मारतात, "या, आमच्या विहीणबाईंची सही बघा!"

मी चौथी शिकलेली. बँकेत सही करताना अक्षरं मुंगीएवढी येतात. साहेब म्हणतो, बाई, जरा ठळक करा. जन्मात एकदाच ठळक केली, तर ती दुसऱ्याच्या नव्या गाडीवर, साबुदाण्यानं!